बांधापलीकडे

त्रेचाळीस दिवस दुधाचा थेंब नाही ओठाला,
आणि आज गेनाची रात्र, ख्रिस्तजन्माची.
धुतलेली पांढरी नेतला अंगावर, हातात मेणवात,
लास्ताच्या कड्यावरून आम्ही बायका उतरत होतो
कातळात कोरलेल्या देवळाकडे.
खाली ढोल घुमत होते.

तेवढ्यात मागून एक पोरगं धावत आलं,
हातात अजून खेळातली वाकडी काठी.
"यशिमबेत आजी, आईला कळा लागल्यात."
कुणाचा रे तू?
मान खाली घालून म्हणालं, "देसालेचा."

नऊ वर्षं मी हे नाव तोंडात घेतलं नव्हतं.
माझा नवरा गेला त्याच साली त्यानं बांध कोरला,
टेफच्या कोवळ्या पिकासकट माती ओढली आपल्याकडे,
आणि पंचांसमोर शपथेवर म्हणाला,
बांध होता तिथंच आहे.
तुझ्या दारचं पाणीसुद्धा पिणार नाही, मी म्हटलं होतं.

बायका म्हणाल्या, चल, उपासना सुरू होईल.
मीही चालू लागले. खरं सांगते, वीस पावलं चालले.
एकविसाव्याला पाय का थांबले ते देवाला विचारा.
पोरगं मागे रडतही नव्हतं.
नुसतं उभं होतं.

त्यांच्या घरात खाली जनावरं, वर माणसं.
अत्सेदेला जिना चढवला नव्हता,
गायींच्या उबेत, तुडवलेल्या काडावर ती आडवी.
देसाले दाराशी. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
"पाणी तापव," एवढंच बोलले;
नऊ वर्षांतला पहिला शब्द, तोही हुकूम.

मूल पायाळू.
मग रात्र लांबली.

अत्सेदेनं माझं मनगट आवळलं, आणि मला मरियम आठवली.
देवळाच्या भिंतीवरची नव्हे, मोठ्या डोळ्यांची, शांत;
घामानं निथळणारी, ओठ चावणारी, कोवळी पोर.
तिच्या उशाशी कोण होतं?
शास्त्रात सुईणीचं नाव नाही.
पण कुणीतरी नाळ कापली असेल ना देवाची?
कुणीतरी पाठीवर थापटी मारून म्हटलं असेल,
रड बाबा, रड एकदाचा.

हे डोंगर म्हणे त्याच्या मुठीत.
ती मूठ सोडून तो आला,
मान धरावी लागते इतका कच्चा.
चाळीस वर्षं मी पोरांच्या माना धरते आहे,
तरी हे कधी सुचलं नव्हतं:
आपण कुणाच्या हातात पडणार, हे मूल विचारत नाही.
त्यानंही विचारलं नाही.
बांध कोरणाऱ्यांत आला,
आणि नऊ नऊ वर्षं दात धरणाऱ्यांतही.

पहाटे मुलगी झाली.
निळी, गप्प. मग फुंकर, मग थापटी, मग
अख्ख्या गोठ्याला उठवणारा टाहो.
एक गाय तर दचकून उभीच राहिली.
गुंडाळायला कोरडं काही उरलं नव्हतं.
मी अंगावरची नेतला काढली. देवळासाठी धुतलेली.
देवळात गेली असं समजा.

दूर ढोल थांबले. सगळ्यांचे उपास सुटले असणार.
देसाले आला, दोन्ही हातांत लाकडी वाडगा,
ताजं दूध, वर फेस.
बांधाबद्दल बोलला नाही, शपथेबद्दल नाही.
वाडगा हलत होता,
फेस काठाशी येऊन मागे सरत होता.
ह्या दुधातलं गवत माझ्याच तुकड्यातलं असणार,
मनात आलंच.
प्यायले.
अर्धं अत्सेदेला ठेवलं.

बांध अजून तिथंच आहे, म्हणजे जिथं नको तिथं.
ऊन वर आल्यावर घरी जाताना
मी थोडा वेळ त्यावर बसले.
खांद्यांना थंडी वाजत होती,
आणि पाय फार दुखत होते.